भांडणाला नाव देताना

पुण्यात 'रँग्लर' हा शब्द एके काळी नावाचाच भाग होऊन बसला होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे असं पूर्ण नाव फार थोडे जण घेत. रँग्लर परांजपे म्हटलं की भागायचं. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला. तो क्रमांक जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता, पण 'सीनियर रँग्लर' होणारे परांजपे पहिलेच भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मुंबई इलाख्यात मंत्री झाले, लखनौला कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात हायकमिशनर झाले. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत राहिला तो रँग्लरच.

आणि इंग्रजीत 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणं. तीही लांबलेली, वाकडी, मिटता न मिटणारी. मग विद्यापीठातल्या सर्वांत बुद्धिमान विद्यार्थ्यांना हुज्जत घालणारे का म्हणायचं? कारण लेखी पेपर येण्याआधी केंब्रिजला पदवीची कसोटी तोंडी वादात लागत असे. उमेदवाराने एक प्रमेय मांडायचं, इतरांनी ते लॅटिनमधून खोडून काढायचं आणि त्याने लॅटिनमधूनच त्याचं रक्षण करायचं. देखरेखीला 'मॉडरेटर' असत. 'ट्रायपॉस' हे नावही एका तिपाईवरून आलं. तिच्यावर बसून एक पदवीधर उमेदवारांशी वाद घालायचा. पुढे लेखी परीक्षा आली, तोंडी वाद मागे पडले, तिपाई गेली, १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणंही बंद झालं. शब्द तेवढा टिकला आणि समुद्र ओलांडून सदाशिव पेठेत मानाने राहिला.

मला वाटतं, केंब्रिजच्या त्या तोंडी वादांच्या दालनाच्या आत जे चालत असे त्याला नियम होता, पाळी होती, कोणी कोणानंतर बोलायचं ते ठरलेलं होतं. आतल्या माणसाच्या दृष्टीने ते खंडनमंडन होतं. दाराबाहेरून जाणाऱ्याला मात्र नुसता गलका ऐकू येत असणार. इंग्रजीत भांडणासाठी डझनांनी शब्द आहेत आणि शाळेत ते तीव्रतेच्या पायऱ्यांनी शिकवले जातात: 'टिफ' म्हणजे रुसवाफुगवी, मग 'क्वॉरल', मग 'फाइट', मग 'ब्रॉल'. वर्तमानपत्राच्या डेस्कवर रोज या शब्दांशी व्यवहार करून माझं मत वेगळं झालं आहे. तीव्रता ही वरवरची गोष्ट आहे. प्रत्येक शब्द खरी माहिती देतो ती बोलणारा कुठे उभा आहे याची: भांडणाच्या आत, उंबऱ्यावर, की रस्त्यापलीकडे.

'आमचं आर्ग्युमेंट झालं' असं माणूस स्वतःबद्दल सहज सांगतो. आर्ग्युमेंटमध्ये मुद्दा असतो; कोर्टात वकील करतात तेही आर्ग्युमेंट आणि भूमितीच्या सिद्धतेत असतं तेही. 'डिसॲग्रीमेंट' आणि 'डिफरन्स' हे त्याहून सभ्य, तेही आतल्या माणसांचेच. पण 'आम्ही स्क्वॉबल करत होतो' असं सरळ चेहऱ्याने कोण म्हणतं? स्क्वॉबल करतात ती इतरांची मुलं, इस्टेटीवरून भांडणारे इतरांचे नातेवाईक. 'बिकरिंग' हा शेजारच्या खोलीत बसलेल्याचा शब्द: काय चाललंय ते कळत नाही, थांबत नाही एवढं कळतं. 'ऑल्टरकेशन' पोलिसांच्या टिपणात आढळतं, 'स्कफल' वार्ताहराच्या वहीत. आणि 'अफ्रे' तर पुरता बघ्यांचा शब्द आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम १५९ मध्ये त्याची व्याख्या होती, आता न्याय संहितेत ती कलम १९४ मध्ये आहे: दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग केली तर अफ्रे. तीच मारामारी बंद खोलीत झाली तर अफ्रे नव्हे. इंग्रजीतला 'अफ्रेड', म्हणजे घाबरलेला, हा शब्द या अफ्रेमधूनच निघाला. म्हणजे गुन्ह्याचं नावच पाहणाऱ्यांच्या भीतीवरून पडलेलं.

'क्वॉरल'चं तसं नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली तक्रार आहे आणि ती तक्रार अजून शब्दात जिवंत आहे. १९६६ च्या फेब्रुवारीत मुष्टियोद्धा मुहम्मद अली सैन्यभरतीला पात्र असल्याचं अमेरिकी सरकारने ठरवलं. पत्रकारांनी गाठलं तेव्हा तो म्हणाला की त्या व्हिएतकाँगवाल्यांशी आपलं काही 'क्वॉरल' नाही. हे वाक्य मी मराठीत लावायला बसले की दर वेळी थांबते. 'युद्ध नाही' असं तो म्हणाला नाही. युद्ध तर चालूच होतं. सरकार मला बंदूक देऊ शकतं, शत्रू नेमून देऊ शकतं, पण मनातली तक्रार कुठून आणून देणार, हे त्याने एका घरगुती शब्दात सांगून टाकलं. पुढच्या वर्षी भरतीला नकार दिल्यावर त्याचा जगज्जेता किताब काढून घेतला गेला. त्याच्या जागी दुसऱ्या कोणी 'कॉन्फ्लिक्ट' शब्द वापरला असता तर ते परराष्ट्र खात्याचं निवेदन झालं असतं.

'फॉलिंग आउट' हाही मला प्रिय असलेला शब्द, कारण त्याला पूर्वीची मैत्री लागते. अनोळखी माणसांचं फॉलिंग आउट होत नाही. टिळक आणि आगरकर यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिणारे कधी 'काँट्रोव्हर्सी' म्हणतात, कधी 'रायव्हलरी'. मला दोन्ही पटत नाहीत. डेक्कन कॉलेजातले मित्र, कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले दोघे. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. ज्याला हे १०१ दिवस माहीत आहेत तो याला प्रतिस्पर्धा म्हणणार नाही.

'डिस्प्यूट' या शब्दाने मात्र मला एकदा खरोखर अस्वस्थ केलं. आपल्याकडे तो सरकारी, निर्जीव शब्द वाटतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, आंतरराज्य नदी पाणी विवाद कायद्यात, करारांच्या लवादाच्या कलमात 'डिस्प्यूट ऑर डिफरन्स' अशी जोडगोळी येते आणि वाचणारा दोन्ही एकच समजून पुढे जातो. कायदा तसं समजत नाही. डिफरन्स मनात असू शकतो. डिस्प्यूट व्हायला मागणी करावी लागते आणि समोरच्याने ती नाकारावी लागते. म्हणजे डिस्प्यूटला जन्मतारीख असते. हेगच्या जुन्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२४ साली माव्रोमाटिस खटल्यात त्याची व्याख्या केली, तेव्हा ती उदार होती: कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या मुद्द्यावरचा मतभेद, दोन पक्षांच्या कायदेशीर भूमिकांचा किंवा हितसंबंधांचा विरोध. पुढे ती आवळत गेली.

ती किती आवळली हे २०१६ मध्ये दिसलं. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ ला बिकिनीवर फोडलेला 'ब्रॅव्हो' बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट ताकदीचा होता; त्याची पांढरी राख राँगेलॅप बेटावर पडली आणि मुलं त्या राखेत खेळली. या चिमुकल्या देशाने एप्रिल २०१४ मध्ये अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगला अर्ज केले. पैसे मागितले नव्हते. नि:शस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करणं हे तुमचं कर्तव्य आहे आणि ते तुम्ही पाळलेलं नाही, एवढंच म्हणणं. खटले पुढे सरकले ते भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन या तिघांविरुद्ध. ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयाने ते मूळ प्रश्नाला हात न लावता निकालात काढले. कारण काय, तर अर्ज केला त्या दिवशी पक्षांमध्ये 'डिस्प्यूट' अस्तित्वातच नव्हता. मार्शल बेटांनी परिषदांमध्ये जी निवेदनं केली ती फार मोघम होती. आपल्या वागण्याला या देशाचा विरोध आहे, हे समोरच्याला त्यांतून कळलंच असलं पाहिजे असं न्यायालयाला वाटलं नाही. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात मतं पडली. ब्रिटनच्या बाबतीत आठ विरुद्ध आठ, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला.

या निकालामागचा तर्क मला समजतो. कोणालाही न सांगता-सवरता न्यायालयात खेचता येऊ नये, हे योग्यच आहे. भारताचे बचावाचे मुद्देही हलके नव्हते. भारत अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामीलच नाही. तरीही अंगावर राख घेतलेल्या लोकांना 'तुमचं भांडण अजून सुरू झालेलं नाही' असं सांगणाऱ्या न्यायापेक्षा त्या सात जणांचा न्याय मला अधिक पटतो. खटल्याच्या कागदांत दोन्ही बाजू एकमेकींना खोडून काढत होत्या. तेवढ्याने विवाद सिद्ध होत नसेल तर लहान देशांनी विवाद सिद्ध करायचा तरी कसा?

बाकी या शब्दाने आपल्याकडचं पाणी ढवळलं आहे ते सर्वांना माहीत आहे. कृष्णा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला, म्हादईचा २०१० मध्ये. म्हादईचा निवाडा २०१८ मध्ये आला, तरी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातला प्रश्न संपलेला नाही. 'रायव्हल' हा शब्द लॅटिनमध्ये मुळात एकाच ओढ्याचं पाणी घेणाऱ्यांसाठी होता, एवढं इथे नोंदवून पुढे जाते.

मार्शल बेटांच्या खटल्यात बहुमताविरुद्ध गेलेल्या न्यायाधीशांनी जे लिहिलं तशा मताला 'डिसेंट' म्हणतात. हा शब्द पुरता आतला आहे. बाहेरच्याला डिसेंट करता येत नाही, विरोध करता येतो. डिसेंट करायला त्याच बाकावर बसलेलं असावं लागतं, त्याच कायद्याची शपथ घेतलेली असावी लागते, आणि आपल्याला न पटलेलं मत ज्याचं आहे त्याला 'लर्नेड ब्रदर' म्हणावं लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल लागला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला कोर्टाकडे दाद मागता येणार नाही, असं चौघांनी ठरवलं. हंसराज खन्ना एकटे वेगळे लिहून गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला, आणि तसं स्पष्ट शब्दांत लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. याला कोणी घरातलं भांडण म्हटलं नाही, आणि ते बरोबरच झालं. खन्नांनी १९७६ मध्ये लिहिलेलं वाक्यन् वाक्य त्यांच्या बाकावरच्या कोणालाही उद्देशून नव्हतं, असं ते आज वाचताना वाटतं.

बाहेरून दिलेलं नाव किती अन्याय करू शकतं याचं मोठं उदाहरण ब्रिटनच्याच भूमीवर आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. इंग्रजीत त्याचं नाव 'द ट्रबल्स'. त्याच काळात ब्रिटन आणि आइसलँड यांच्यात मासे कोणी कुठे धरायचे यावरून तंटा चालला होता. आइसलँडच्या तटरक्षक बोटी ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापत, ब्रिटिश फ्रिगेटी त्यांना धडका देत. त्याचं नाव 'कॉड वॉर्स'. बॉम्बस्फोटांना त्रास म्हटलं आणि जाळी कापण्याला युद्ध. लंडनहून पाहणाऱ्याला बेलफास्टच्या रस्त्यावरचं जे दिसलं, किंवा जे पाहायचं नव्हतं, ते या नावात आलं असं मी बरीच वर्षं मानत होते. मग कळलं की आयर्लंडमध्ये मयताच्या घरी गेलेला माणूस हात हातात घेऊन जे म्हणतो त्यात हाच शब्द असतो: 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' म्हणजे बेलफास्टच्या घरात 'ट्रबल'ला सुतकाचा अर्थ आहे. तोच शब्द लंडनमध्ये कटकटीचा.

बातमीच्या मथळ्यात हा फरक टिकत नाही. इंग्रजी मथळ्याला छोटे शब्द लागतात म्हणून 'रो', 'रिफ्ट', 'क्लॅश', 'स्पॅट' हे चार-पाच शब्दच सगळीकडे फिरतात. हा 'रो' तिथे 'राउ' असा उच्चारला जातो, हेही आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं, कारण तो आपण ऐकण्याआधी छापलेला वाचला. बेळगावचा सीमाप्रश्न 'रो', नटीने कोणाला टोमणा मारला तोही 'रो'. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, पिढ्या गेल्या. आणि शब्द तीन अक्षरांचा. मराठीत आणताना 'सीमाप्रश्न' लिहिता येतं म्हणून मी भाषेची ऋणी आहे. प्रश्न म्हटला की त्याचं उत्तर कोणीतरी द्यायचं राहिलेलं असतं.

पण ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो वेगळा. ब्रिटिश पोलिसांच्या बोलीत 'अ डोमेस्टिक' असं नाम आहे. रात्री शेजाऱ्यांचा फोन येतो, आरडाओरडा ऐकू येतोय म्हणून. शिपाई जाऊन येतो आणि वायरलेसवर सांगतो: काही नाही, 'जस्ट अ डोमेस्टिक'. पूर्ण शब्द 'डोमेस्टिक डिस्प्यूट'. मघाचा तोच डिस्प्यूट, ज्याला मागणी लागते, नकार लागतो, आणि एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन पक्ष लागतात. बाईचा हात मोडलेला असतो आणि टिपणात दोन बाजू असतात. हेगच्या न्यायालयात जो शब्द सिद्ध करायला एका देशाला अडीच वर्षं पुरली नाहीत, तो उंबऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाला एका नजरेत सापडतो. त्याने आत पाहिलेलं असतं, पण शब्द त्याने रस्त्यापलीकडचा निवडलेला असतो.

हा शब्द हलवायला बायकांना फार झटावं लागलं. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये एरिन पिझी यांनी मार खाणाऱ्या बायकांसाठी निवारा उघडला. १९७६ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याच्या नावातच 'डोमेस्टिक व्हायोलन्स' आलं, आणि १९९० मध्ये गृहखात्याने परिपत्रक काढून पोलिसांना बजावलं की हा गुन्हा समजून हाताळा. आपल्याकडे १९८३ मध्ये दंड संहितेत पतीच्या क्रूरतेविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. विवादाच्या जागी हिंसा हा शब्द आल्यावर दोन बाजूंच्या जागी करणारा आणि सोसणारी दिसू लागली.

कायद्यात दिसू लागली. बातमीत अजून नाही. इंग्रजी कॉपीत येतं, 'किल्ड हिज वाइफ आफ्टर अ राउ'. पोलिसांच्या मराठी प्रेसनोटमध्ये येतं, 'घरगुती वादातून', 'किरकोळ कारणावरून', 'शाब्दिक बाचाबाचीतून'. या प्रत्येक शब्दप्रयोगात मेलेल्या बाईला भांडणाची अर्धी भागीदार केलेलं असतं. ती काय बोलली, बोलली तरी का, हे सांगायला ती नसते. आणि वाद झाला हे आपल्याला कोणी सांगितलं? ज्याने मारलं त्याने. आतल्या दोघांपैकी एकच उरला आहे आणि त्याने दिलेलं नाव आम्ही बाहेरून छापतो. मारणाऱ्याने सांगितलेलं कारण पोलीस लिहून घेतात, तो त्यांच्या तपासाचा भाग आहे. ते आमच्या मथळ्याचा भाग व्हावं असं कुठे ठरलंय?

आमच्या डेस्कवर यावरून पुष्कळदा चर्चा झाली आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, "बाई, पोलिसांनी दिलंय तेवढं द्यावं, आपण न्यायाधीश नाही." त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं, कारण पदरचं काही घालायचं नाही हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण 'वादातून' हा शब्दच पदरचा आहे. तो काढला की जे उरतं तेवढंच आपल्याला माहीत असतं. म्हणून रात्रपाळीला अशी प्रेसनोट आली की मी कारण खाली, तपासाच्या परिच्छेदात नेते आणि तिथे 'आरोपीने पोलिसांना सांगितलं' असं जोडते. मथळ्यात राहतं ते पतीने पत्नीला मारलं, कुठे आणि कधी. अशा मथळ्यात तीन-चार शब्द कमी पडतात आणि जागा रिकामी राहते. पान लावणारा विचारतो, इथे काय भरू? मी सांगते, टाइप मोठा कर.